जॉर्ज वेआ: लोकप्रियता कुठवर पुरते?

लायबेरियाच्या अध्यक्षपदासाठी जॉर्ज वेआ तीनदा उभे राहिले. २००५, २०१७ आणि २०२३. तिन्ही वेळा पहिल्या फेरीत त्यांनाच सर्वाधिक मतं मिळाली, पण एकदाही निम्म्याच्या वर नाहीत. त्यामुळे तिन्ही वेळा दुसरी फेरी झाली. तीत ते एकदा जिंकले, दोनदा हरले. फुटबॉलपटू राजकारणात का आला, याची उत्तरं सगळीकडे वाचायला मिळतात. इथे प्रश्न वेगळा आहे. खेळातून आलेली लोकप्रियता मतपेटीत नेमकी किती उतरते, कुठे थांबते आणि राहिलेली मतं कुठून आणावी लागतात? वेआ यांच्या प्रकरणात याचं उत्तर आकड्यांनिशी देता येतं, कारण एकाच माणसाची परीक्षा एकाच नियमाखाली तीनदा झाली.

नियम असा. लायबेरियाच्या १९८६ च्या घटनेनुसार अध्यक्ष व्हायला वैध मतांच्या निम्म्याहून अधिक मतं लागतात. कुणालाच ती मिळाली नाहीत, तर पहिले दोघे पुन्हा समोरासमोर येतात. आपल्याकडे पंचरंगी लढतीत तीस टक्के मतांवरही आमदार होता येतं. तिथे तीस टक्क्यांत फक्त दुसऱ्या फेरीचं तिकीट मिळतं. अध्यक्षाची मुदत सहा वर्षांची. देशात १५ काउंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यांसारखे विभाग, आहेत, आणि मतदारांचा मोठा हिस्सा एकट्या माँटसेराडोत, म्हणजे राजधानी मोनरोव्हिया जिथे आहे त्या काउंटीत. तिच्याखालोखाल निंबा. या निंबाचं नाव पुढे वारंवार येईल.

भांडवल कसं जमलं

वेआ यांचा जन्म १ ऑक्टोबर १९६६ चा. मोनरोव्हियाच्या क्लारा टाउन या झोपडवस्तीत आजीने त्यांना वाढवलं. जमात क्रू, मूळ आग्नेय किनाऱ्याकडचं. स्थानिक क्लबांत खेळून ते कॅमेरूनच्या टोनेर याउंडेत गेले आणि तिथून १९८८ मध्ये प्रशिक्षक आर्सेन वेंगर यांनी त्यांना मोनॅकोत आणलं. १९९२ मध्ये पॅरिस सां-जर्मां, १९९५ मध्ये एसी मिलान. त्या वर्षी बॅलन डी'ऑर, फिफाचा सर्वोत्तम खेळाडू आणि आफ्रिकेचा सर्वोत्तम खेळाडू हे तिन्ही मान त्यांच्याकडे आले. बॅलन डी'ऑर त्याआधी फक्त युरोपीय खेळाडूंना मिळत असे. युरोपातल्या क्लबांकडून खेळणाऱ्या बाकीच्यांना ते १९९५ मध्येच खुलं झालं आणि पहिल्याच वर्षी वेआ यांनी ते घेतलं. ८ सप्टेंबर १९९६ रोजी व्हेरोनाविरुद्ध त्यांनी स्वतःच्या पेनल्टी क्षेत्रापासून चेंडू नेत केलेला गोल आजही दाखवला जातो.

मतांच्या दृष्टीने मात्र मिलानपेक्षा 'लोन स्टार', म्हणजे लायबेरियाचा राष्ट्रीय संघ, जास्त मोलाचा ठरला. देशात १९८९ पासून यादवी चालू होती. मधली काही वर्षं सोडली तर ती २००३ पर्यंत चालली. सरकारी तिजोरीत संघासाठी पैसा नव्हता. तेव्हा संघाचा प्रवास, गणवेश आणि इतर खर्च वेआ स्वतःच्या खिशातून करत होते. पुढे प्रशिक्षकाचं कामही त्यांनी पाहिलं. १९९६ मध्ये लायबेरिया पहिल्यांदा आफ्रिका चषकाला पात्र ठरला. २००२ च्या विश्वचषकाची पात्रता नायजेरियाच्या मागे एका गुणाने हुकली. विटलेल्या देशात चालणारी एकच गोष्ट होती, आणि तिचा खर्च हा माणूस भागवत होता. हे भांडवल पुरस्कारांपेक्षा टिकाऊ होतं. त्याची किंमतही मोजावी लागली. १९९६ मध्ये त्यांनी लायबेरियात आंतरराष्ट्रीय हस्तक्षेपाची जाहीर मागणी केली, त्यानंतर मोनरोव्हियातलं त्यांचं घर जाळण्यात आलं.

२००५: पहिली फेरी जिंकली, तरी हरले

युद्ध संपून दोन वर्षं झाली होती. वेआ ३९ वर्षांचे होते. सीडीसी हा त्यांचा पक्ष, काँग्रेस फॉर डेमोक्रॅटिक चेंज, नवा कोरा होता. समोर हार्वर्डमध्ये शिकलेल्या, जागतिक बँकेत काम केलेल्या एलेन जॉन्सन सरलीफ. एकूण २२ उमेदवार. ११ ऑक्टोबरच्या पहिल्या फेरीत वेआ यांना २८.३ टक्के, सरलीफ यांना १९.८ टक्के मतं मिळाली. ८ नोव्हेंबरला दुसरी फेरी झाली आणि निकाल उलटला: सरलीफ ५९.४, वेआ ४०.६.

टक्क्यांपेक्षा मतांचे आकडे जास्त बोलतात. वेआ यांची मतं २.७५ लाखांवरून ३.२७ लाखांवर गेली, म्हणजे सुमारे ५२ हजारांची भर. सरलीफ यांची १.९२ लाखांवरून ४.७९ लाखांवर, म्हणजे जवळपास २.८६ लाखांची. पहिल्या फेरीत ज्यांनी या दोघांनाही मत दिलं नव्हतं, ते निम्म्याहून अधिक होते. त्यांच्यातले जे पुन्हा मतदानाला आले, त्यांच्यातल्या फार थोड्यांनी वेआ यांना निवडलं.

कारण शोधताना बहुतेकांनी शिक्षणाकडे बोट दाखवलं. वेआ यांचं शालेय शिक्षण अर्धवट होतं आणि त्यांनी दाखवलेली पदवी मान्यता नसलेल्या संस्थेची निघाली. ते कारण खरं आहे, पण अपुरं. शिक्षणाचा मुद्दा पहिल्या फेरीतही होताच, तरी ते पहिले आले. दुसऱ्या फेरीत फरक पडला तो संघटनेमुळे. पहिल्या फेरीत चाहते पुरतात. ते स्वतःहून येतात, रांगेत उभे राहतात. दुसऱ्या फेरीत परक्या उमेदवाराच्या गावात जाऊन, ज्याला तिथे कुणी ओळखतं असा माणूस गाठून, "यावेळी आमच्याकडे" म्हणावं लागतं. असा माणूस नव्या पक्षाकडे बहुतेक काउंटींत नव्हता. सरलीफ १९९७ ची निवडणूक लढलेल्या होत्या. त्यांचा युनिटी पक्ष जुना होता, आणि बाजारपेठांतल्या बायकांच्या संघटना त्यांच्यासाठी घरोघर फिरल्या.

दुसरी उणीव मतमोजणीच्या टेबलावरची. लायबेरियात मतं मतदान केंद्रातच हाताने मोजतात, निकालाचा कागद दारावर लावतात आणि पक्षांच्या एजंटांना त्याची नोंद घेता येते. म्हणजे घोटाळा झाला असं म्हणायचं, तर प्रत्येक केंद्रावर स्वतःचा माणूस हवा, त्याच्या सहीचा कागद हवा आणि त्या कागदांची बेरीज निवडणूक आयोगाच्या बेरजेशी ताडून दाखवता यायला हवी. सीडीसीने गैरप्रकाराची तक्रार केली. पण निकाल उलटवण्याजोगा पुरावा उभा राहिला नाही. आंतरराष्ट्रीय निरीक्षकांनी मतदान एकंदर स्वच्छ ठरवलं. डिसेंबरमध्ये वेआ यांनी दावा सोडून दिला. हरलेल्या पक्षाच्या संतापापेक्षा केंद्रनिहाय कागदांचा गठ्ठा न्यायालयात जास्त चालतो, आणि तो मतदानाच्या आधी माणसं नेमल्याशिवाय तयार होत नाही.

मधली बारा वर्षं

इथे हे प्रकरण इतर खेळाडू-उमेदवारांपेक्षा वेगळं होतं. पहिला पराभव पचला नाही की असे लोक बहुधा परत जातात. वेआ थांबले. अमेरिकेतल्या डेव्ह्राय विद्यापीठातून २०११ मध्ये त्यांनी पदवी घेतली. त्याच वर्षी सीडीसीने विन्स्टन टबमन यांना अध्यक्षपदासाठी पुढे केलं आणि वेआ उपाध्यक्षपदाचे उमेदवार झाले. शिकलेला वकील वर, लोकप्रिय माणूस खाली, अशी जोडी.

ही जोडी फसली. पहिल्या फेरीत सरलीफ ४३.९, टबमन ३२.७. तिसरे आले प्रिन्स जॉन्सन, ११.६ टक्के. जॉन्सन हे निंबाचे. १९९० मध्ये अध्यक्ष सॅम्युएल डो यांना पकडणारे बंडखोर सेनानी, पुढे सिनेटर. त्यांनी दुसऱ्या फेरीत सरलीफ यांना पाठिंबा दिला. सीडीसीने गैरप्रकाराचा आरोप करत दुसऱ्या फेरीवर बहिष्कार टाकला. मतदानाच्या आदल्या दिवशी मोनरोव्हियात पक्षाच्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला. सरलीफ ९०.७ टक्क्यांनी निवडून आल्या, मतदान चाळीस टक्क्यांच्या आत राहिलं. बहिष्काराने विजयाची झळाळी कमी झाली. मुदत सहा वर्षांचीच राहिली.

मग २० डिसेंबर २०१४. इबोलाच्या साथीमुळे लांबलेली सिनेटची निवडणूक. माँटसेराडोतून वेआ ७८ टक्के मतांनी निवडून आले. पराभूतांत अध्यक्षांचे पुत्र रॉबर्ट सरलीफ होते. राजधानी कुणाची, हे ठरलं. सिनेटमध्ये मात्र त्यांची हजेरी आणि काम दोन्ही फिकं होतं अशी टीका झाली आणि ती बऱ्याच अंशी योग्य होती. त्यांनी ही वर्षं कायदे करण्यात नाही, जुळवाजुळवीत घालवली.

२०१७: गणित जमलं

यावेळी पक्षाऐवजी आघाडी होती. आद्याक्षरं तीच ठेवली, सीडीसी, पण अर्थ झाला कोएलिशन फॉर डेमोक्रॅटिक चेंज. त्यात माजी अध्यक्ष चार्ल्स टेलर यांचा जुना नॅशनल पॅट्रिऑटिक पक्ष आला. उपाध्यक्षपदाची उमेदवारी ज्युएल हॉवर्ड-टेलर यांना. त्या टेलर यांच्या घटस्फोटित पत्नी आणि बाँग काउंटीच्या सिनेटर. युद्धगुन्ह्यांसाठी तुरुंगात असलेल्या माणसाचा पक्ष बरोबर घेणं बाहेरच्या जगाला खटकलं. मतांच्या हिशेबात मात्र २००५ मध्ये जे नव्हतं ते मिळालं: राजधानीबाहेर, देशाच्या मध्यभागी, तयार यंत्रणा.

१० ऑक्टोबरला २० उमेदवारांत वेआ ३८.४ टक्के, उपाध्यक्ष जोसेफ बोआकाई २८.८. तिसऱ्या क्रमांकावरच्या चार्ल्स ब्रम्सकिन यांच्या पक्षाने गैरप्रकाराचा दावा लावला आणि सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबरची दुसरी फेरी रोखली. बोआकाई यांचा पक्षही दाव्यात सामील झाला. डिसेंबरमध्ये न्यायालयाने फेरनिवडणुकीइतका पुरावा नाही असं ठरवलं, आयोगाला मतदारयादी स्वच्छ करायला सांगितलं आणि २६ डिसेंबरला मतदान झालं. या सात आठवड्यांत वेआ यांची एक गोष्ट अचूक होती: त्यांनी रस्त्यावर लोक उतरवले नाहीत. २०११ चा धडा असावा.

दुसऱ्या फेरीसाठी जॉन्सन यावेळी वेआ यांच्याकडे आले आणि निंबा त्यांच्यामागे. बोआकाई यांची अडचण घरातलीच होती. बारा वर्षं ज्यांचे ते उपाध्यक्ष, त्या सरलीफ त्यांच्यासाठी प्रचारात दिसल्या नाहीत. पुढच्या महिन्यात युनिटी पक्षाने सरलीफ यांना काढून टाकलं. निकाल: वेआ ६१.५, बोआकाई ३८.५. पंधरापैकी चौदा काउंटी वेआ यांना. फक्त लोफा, बोआकाई यांचं घर, हातची गेली.

आकडे पुन्हा पाहा. मतदान ७५ टक्क्यांवरून ५६ टक्क्यांपर्यंत घसरलं होतं, तरी वेआ यांची मतं ५.९६ लाखांवरून ७.३२ लाखांवर गेली. बोआकाई यांची ४.४७ लाखांवरून जेमतेम ४.५८ लाखांवर. २००५ मध्ये सरलीफ यांच्या बाजूने जे घडलं, ते आता वेआ यांच्या बाजूने घडलं होतं.

सत्तेत मतं कशी झिजली

२२ जानेवारी २०१८ रोजी शपथविधी. आठवड्याभरात त्यांनी स्वतःचा पगार २५ टक्क्यांनी कमी केला. मार्चअखेर संयुक्त राष्ट्रांचं शांतिसैन्य चौदा वर्षांहून जास्त काळानंतर निघून गेलं, आणि त्याच्याबरोबर डॉलरमध्ये खर्च करणारे हजारो लोकही. लोखंडाच्या खनिजाचे आणि रबराचे भाव आधीच पडलेले होते. लायबेरियात दोन चलनं चालतात, अमेरिकी डॉलर आणि लायबेरियन डॉलर. आयात तांदूळ, इंधन आणि घरभाडं अमेरिकी डॉलरशी बांधलेलं. रोजंदारी आणि बाजारातली मिळकत लायबेरियनमध्ये. लायबेरियन डॉलर पडला की सर्वांत आधी मार बसतो तो झोपडवस्तीला, म्हणजे नेमका वेआ यांच्या मतदाराला.

सरकारने उपाय काढला: २.५ कोटी अमेरिकी डॉलर बाजारात ओतून लायबेरियन नोटा परत घ्यायच्या. यात दोन गोष्टी चुकल्या. रक्कम दरावर टिकाऊ परिणाम करण्याइतकी नव्हती, आणि ती बँकांऐवजी थेट व्यापाऱ्यांकडे गेली, नोंदी विस्कळित. त्याच सुमाराला छापून आलेल्या सुमारे १६ अब्ज लायबेरियन डॉलरच्या नोटा गायब झाल्याची बातमी फुटली. अमेरिकी मदतीने झालेल्या चौकशीत कंटेनर गायब झाल्याचा पुरावा मिळाला नाही. मध्यवर्ती बँकेने मंजुरीशिवाय नोटा मागवल्या आणि हिशेब जुळत नव्हते, हे मात्र उघड झालं. छपाईचा बराच भाग आधीच्या राजवटीतला. राग अर्थातच खुर्चीवर होता त्याच्यावर निघाला. २०१९ मध्ये महागाई वीस टक्क्यांच्या वर होती, सरकारी पगार रखडत होते आणि पगारांच्या फेररचनेत अनेकांचा पगार घटला. ७ जूनला मोनरोव्हियात हजारोंचा मोर्चा निघाला. वर्षअखेरीस नाणेनिधीचा कार्यक्रम आला, दर सावरला, महागाई उतरली. आर्थिक दुरुस्ती झाली हे मान्य करायला हवं. ती मतदाराच्या ताटापर्यंत पोहोचली नाही.

जमेच्या बाजूला सरकारी विद्यापीठांत पदवीचं शुल्क माफ, बारावीच्या परीक्षेची फी सरकारकडून, जमीनहक्क कायदा, पत्रकारांवरच्या बदनामीच्या फौजदारी तरतुदी रद्द करणारा कायदा. ही यादी लहान नाही. पण भ्रष्टाचारविरोधी म्हणून निवडून आलेल्या अध्यक्षांनी मालमत्ता जाहीर करायला महिने लावले आणि पहिल्याच वर्षी त्यांची खासगी बांधकामं चर्चेत आली. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेने त्यांच्या सरकारातल्या तिघांवर भ्रष्टाचाराच्या आरोपावरून निर्बंध लावले. त्यात त्यांचे चीफ ऑफ स्टाफ होते. (त्या तिघांपैकी दोघे २०२३ मध्ये सिनेटवर निवडून आले. निर्बंधांचा फटका त्यांना स्वतःला कमी, अध्यक्षांना जास्त बसला.)

मैदान मात्र सुटलं नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये १४ क्रमांकाची जर्सी निवृत्त करण्यासाठीच्या नायजेरियाविरुद्धच्या मैत्रीपूर्ण सामन्यात ५१ वर्षांचे अध्यक्ष ७९ मिनिटं खेळले. लोकांना ते आवडलं. २०२२ च्या शेवटी महिन्याहून अधिक काळ परदेशी राहिले, त्यात कतारचा विश्वचषकही आला. तिथे त्यांच्या मुलाने, टिमोथीने, अमेरिकेकडून वेल्सविरुद्ध गोल केला. तेच कृत्य, पण वेळ वेगळी. देशात तांदळाचा तुटवडा चर्चेत असताना अध्यक्ष स्टेडियममध्ये दिसणं विरोधकांच्या हाती आयतं कोलीत देणारं होतं.

२०२३: उचलायला मतंच उरली नव्हती

बोआकाई यांनी २०१७ च्या पराभवातून एकच नेमका धडा घेतला आणि तो पुरेसा ठरला. दुसऱ्या फेरीत जॉन्सन यांची वाट पाहायची नाही. त्यांच्या पक्षाचे निंबाचे सिनेटर जेरेमाया कुंग यांना आधीच उपाध्यक्षपदाची उमेदवारी द्यायची. त्यामुळे निंबा पहिल्या फेरीतच बोआकाई यांच्याकडे गेली. वेआ यांनी जुनीच जोडी कायम ठेवली.

१० ऑक्टोबरला वेआ ४३.८३ टक्के, बोआकाई ४३.४४. फरक सुमारे सात हजार मतांचा. तिसऱ्या क्रमांकाला दोन टक्क्यांच्या आसपास. खरा निकाल याच आकड्यात होता. पहिल्या दोघांबाहेरची मतं २००५ मध्ये ५२ टक्के होती, २०१७ मध्ये ३३, आणि आता जेमतेम १३. त्या तेरातही उल्लेखनीय असे अलेक्झांडर कमिंग्ज यांनी बोआकाई यांना पाठिंबा दिला.

१४ नोव्हेंबरच्या दुसऱ्या फेरीत मतदान ७९ टक्क्यांवरून ६६ वर आलं. बोआकाई यांची मतं ७.९७ लाखांवरून ८.१४ लाखांवर गेली, म्हणजे सतरा हजारांची भर. वेआ यांची ८.०४ लाखांवरून ७.९४ लाखांवर आली, म्हणजे दहा हजारांची घट. ज्यांनी पाच आठवड्यांपूर्वी त्यांना मत दिलं, तेवढेही परत आले नाहीत. अंतिम निकाल ५०.६४ विरुद्ध ४९.३६, फरक सुमारे वीस हजार मतांचा. पहिल्या फेरीत बाद ठरलेली मतं लाखाच्या वर होती. वीस नावांच्या मतपत्रिकेवर खूण कुठे करायची हे मतदाराला शिकवण्यात कोणताही पक्ष पुरेसा पैसा घालत नाही, हे इथे नोंदवायला हवं.

१७ नोव्हेंबरच्या संध्याकाळी, सगळ्या केंद्रांची मोजणी संपायच्या आतच, वेआ यांनी बोआकाई यांना फोन केला आणि रेडिओवरून पराभव मान्य केला. २००५ आणि २०११ मध्ये निकाल नाकारणारा हाच पक्ष. इतक्या निसटत्या फरकावर सत्तेतल्या आफ्रिकी अध्यक्षाने मोजणी चालू असताना हार मानणं दुर्मीळ, आणि त्यांच्या सहा वर्षांच्या कारभाराबद्दल काहीही मत असलं तरी त्या रात्री मोनरोव्हियात रक्त सांडलं नाही याचं श्रेय त्यांचंच.

जॉन्सन २०११ मध्ये सरलीफ यांच्याबरोबर होते, २०१७ मध्ये वेआ यांच्याबरोबर आणि २०२३ मध्ये बोआकाई यांच्याबरोबर. तिन्ही वेळा त्यांचा उमेदवार अध्यक्ष झाला. २८ नोव्हेंबर २०२४ रोजी ते वारले. २०२९ च्या निवडणुकीत निंबाची मतं तशीच एकगठ्ठा फिरतील की फुटतील, हे ठरवणारा माणूस आता नाही, आणि माँटसेराडोच्या जोरावर उभा राहणाऱ्या कोणत्याही उमेदवाराला पहिली मोजदाद तिथूनच करावी लागेल.